बाकावरच्या रिकाम्या चौकटी

“ताई, हे काय? हाउजीची तिकिटं छापायचीत?”

मनमोहननं स्क्रीन मायाकडे वळवली. नायगाव नाक्यावरचं त्याचं झेरॉक्सचं दुकान एवढंसं, आत दोन मशिनी आणि तिसऱ्या माणसाला उभं राहायलाही जागा नाही. त्या चिंचोळ्या उजेडात तिची पुस्तिका उघडी पडली होती. मजकूर होता, नावं होती, नावांखालची वर्षं होती. माणसं तेवढी नव्हती. जिथं फोटो असायचे तिथं रिकाम्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात बारीकशी लाल फुली.

“लॅपटॉपवर तर दिसत होते,” माया म्हणाली.

“लॅपटॉपवर सगळ्यांचेच दिसतात. इथं आले की गायब.” मनमोहननं पेन ड्राइव्ह काढून तिच्या तळहातावर ठेवला. “उद्या सभा आहे ना तुमची? मग संध्याकाळपर्यंत नीट फाईल आणा. मी थांबेन, पण उद्या रविवार, दुकान बंद.”

सभा होती, आणि त्या सभेवर एका खोलीचं नशीब टांगलेलं होतं.

नायगावच्या त्या चाळीत आता माणसांपेक्षा कुलपं जास्त होती. वरची बिऱ्हाडं वडाळ्याकडे ट्रान्झिटच्या खोल्यांत गेलेली. चाळ पडणार, तिच्या जागी टॉवर उभा राहणार. त्याचं दुःख फारसं कुणी करत नव्हतं. संडासाच्या रांगेत बादली घेऊन ज्यांची उमर गेली, ती माणसं जुन्या भिंतींसाठी रडत नाहीत. पण तळमजल्यावर एक अभ्यासिका होती. दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेली लांबट खोली, लाकडी बाकं, कुरकुरणारे पंखे आणि भिंतीवर पुस्तकात डोकं घातलेले बाबासाहेब. ज्या घरात पाय पसरायला जागा नाही, त्या घरातलं पोर इथं येऊन वही पसरायचं. इथून कुणी नर्स झालं, कुणी फौजदार, कुणी बसचा कंडक्टर, तर कुणी नापास होऊन पुन्हा त्याच बाकावर येऊन बसलं. मायाही इथलीच.

नव्या टॉवरच्या नकाशात पहिल्या मजल्यावर एक मोकळी खोली दाखवली होती, सगळ्यांच्या वापरासाठी. तिचं काय करायचं ते रहिवाशांच्या सभेनं ठरवून कळवायचं होतं. सेक्रेटरी रमाकांतच्या मनात तिथं जिम होती आणि तरुण पोरं त्याच्या मागं होती. एकदा जिम ठरली, की अभ्यासिका चाळीबरोबरच ढिगाऱ्यात जाणार, हे मायाला दिसत होतं.

भाषण करणं तिच्या जिभेला जमायचं नाही. पण परळच्या एका हॉस्पिटलच्या ऑफिसात बसून डॉक्टरांच्या स्लाइड बनवता बनवता तिला एवढं कळलं होतं, की माणसं ऐकतात कमी आणि बघतात जास्त. म्हणून तिनं स्लाइड केल्या. एक स्लाइड म्हणजे एक बाक. त्या बाकावर आजवर जे जे बसले त्यांचे फोटो एका ओळीत, जुने-नवे मिसळून, खऱ्या बाकावर खांद्याला खांदा लावून बसावेत तसे. आणि तेच फोटो, खाली दोन-दोन ओळींची माहिती, अशी वर्डमध्ये एक पुस्तिका, सभेत हातोहात वाटायला.

काम सरळ होतं, माणसं सरळ नव्हती. रोज कुणीतरी अभ्यासिकेच्या दारात येऊन उभं राहायचं. “माझ्या आईचा हा नको गं, दुखण्यातला आहे.” “ह्यांचा कोटवाला टाक, लग्नातला.” दुर्गामावशींचा तर कुठलाच फोटो दुर्गामावशींना पसंत पडेना. “मी काय अशी दिसते होय गं? ही तर माझी नणंद वाटते.” फोटो बदलायचा तर स्लाइडमध्ये बदला, पुन्हा पुस्तिकेत बदला. एकदा घाईत एकीकडे बदलला आणि दुसरीकडे राहिला. एकच माणूस पडद्यावर मिशीवाला आणि कागदावर बिनमिशीचा.

तेव्हा ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या रुचानं तिला युक्ती सांगितली. फोटो फाईलमध्ये चिकटवायचाच नाही, नुसता जोडायचा. फोटो राहणार एका फोल्डरमध्ये; स्लाइड आणि पुस्तिका दोघीही तिथूनच तो बघणार. फोल्डरमधला फोटो त्याच नावानं बदलला, की दोन्हीकडे आपोआप बदलला. मायाला ते चाळीच्या नळासारखं वाटलं होतं. नळ एक, हंडे दोघींचे.

आता दुकानाच्या पायरीवर उभं राहून तिनं रुचाला फोन लावला. रुचा गिरगावातली, पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाडीत राहिलेल्या घरातली. रागावली की तिची भाषा आणखीच शुद्ध व्हायची.

“पेन ड्राइव्हवर फोल्डर घेतला होतास का?”

“फाईल घेतली की.”

“अगं बाई, फाईलमध्ये फोटो नाहीतच. फाईलमध्ये नुसता पत्ता आहे. अमुक फोल्डर, अमुक नाव. त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्या पत्त्यावर कुणी राहतच नाही, म्हणून तो फुली मारतो.”

मायाला चाळीचा पोस्टमन आठवला. ट्रान्झिटला गेलेल्यांचं टपाल अजून जुन्याच नंबरावर यायचं. बंद दारं ठोठावून तो बिचारा शेवटी सगळा गठ्ठा अभ्यासिकेत टाकून जायचा.

“मग आता?”

“आता लॅपटॉपवर दोन्ही फायली उघड. जोडलेल्या सगळ्या फोटोंची लिंक तोड. तोडली की फोटो फाईलमध्येच राहायला येतात, मग फाईल कुठंही ने. पण आधी वेगळी प्रत करून ठेव. आणि ऐक, तोडण्याआधी सगळे फोटो दिसतायत ना ते बघून घे. फुली दिसत असताना तोडशील, तर फुलीच कायमची बसेल.”

“दिसतायत गं. गुरुवारी सगळे जागेवर होते.”

“गुरुवारचं मला नको सांगूस. आज बघ.”

अभ्यासिकेत दुपारचा उजेड बाकांवर तिरका पडला होता. मागच्या बाकावर अनुजा एकटीच, कानात बोळे घालून, पुस्तकावर ओणवी. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसलेली पोर. वडाळ्याहून इथवर अभ्यासाला यायची. तिनं मान वर करून हसल्यासारखं केलं आणि पुन्हा पुस्तकात बुडाली.

मायानं अभ्यासिकेतच ठेवलेला लॅपटॉप उघडला. पहिलं बाक आलं. दुर्गामावशी होत्या, नव्या फोटोत, एकदाच्या मनासारख्या. हायसं वाटलं. पण त्यांच्या शेजारी फुली होती. दुसऱ्या बाकावर रमाकांत होता, कॉलेजातला, ओठांवर नुकती काळी रेघ उमटलेला. त्याच्या शेजारी फुली. पुढच्या बाकावर दोन फुल्या, मधे एक हसरा फौजदार. तिनं पुस्तिका उघडली. तिथंही तेच चेहरे होते आणि त्याच चौकटी रिकाम्या होत्या.

लॅपटॉपच बिघडला म्हणावं, तर मग अर्धे कसे दिसतात? ती एकेका रिकाम्या चौकटीखालचं नाव वाचत गेली. बाबुराव मास्तर. धम्मपालचे वडील. कोपऱ्यावरच्या खोलीतली शांता. जी माणसं आता नव्हती, तीच फोटोत नव्हती.

शेवटचं बाक उघडायला तिचं बोट धजेना. तरी उघडलं. कमलाबाई. नाव होतं आणि चौकट रिकामी.

कमलाबाई म्हणजे मायाची आई. अभ्यासिका झाडायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. पोरं यायच्या आधी झाडू मारता मारता ती गुणगुणायची,

खोलीत गं एका दिवा, दिव्याभवती लेकरं
कुणाच्या गं हाती पाटी, कुणाच्या गं हाती भाकर

आणि मग एके दिवशी अभ्यासिकेत शिकवणाऱ्या बाबुराव मास्तरांनी तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि पेन्सिल दिली. शेवटच्या बाकावर, आपल्याच लेकीच्या वयाच्या पोरांमागं बसून कमलाबाई अक्षर शिकली. तो फोटो होता. दातांत जीभ धरून, वहीवर अशी वाकलेली, की जणू सुईत दोरा ओवतेय. तेवढा एकच बरा फोटो होता तिचा. तो गेला तर दुसरा कुठून आणायचा?

“काय गो, चेहरा का असा? चा घे.”

भिवादादा दारात उभे होते, हातात कटिंगचे दोन ग्लास. बसचे कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पण अंगातली शिस्त काही रिटायर झाली नाही. अभ्यासिकेची किल्ली त्यांच्याकडे आणि बाजूच्या विहाराचीही. नातवाकडून कॉम्प्युटर शिकले होते. एका बोटानं, पण ठाम.

“दादा, फोटोंच्या फोल्डरला कुणी हात लावला?”

“मीच लावला. काल.” त्यांनी ग्लास ठेवला आणि समाधानानं धोतराच्या सोग्यानं हात पुसला. “किती घोळ करून ठेवला होतास. कोण जिवंत, कोण गेलेलं, सगळी एका पोत्यात. मी नीट लावलं. आत एक नवीन फोल्डर केलाय बघ, गेलेले सगळे त्याच्यात.”

मायानं बघितलं. फोल्डरच्या पोटात आणखी एक फोल्डर होता. भिवादादांनी एकेक अक्षर शोधून नाव दिलं होतं, ‘कालकथित’.

तेव्हा तिला उलगडलं. विहाराच्या आत डाव्या भिंतीवर गेलेल्यांचे फोटो असतात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरची माणसं फोटो आणून देतात, दादा स्टुलावर चढून तो भिंतीवर लावतात, रेषेत आहे ना ते चार वेळा मागं सरून बघतात. त्या भिंतीवर कधी जिवंत माणसाचा फोटो लागत नाही आणि गेलेल्याचा फोटो दुसऱ्या कुठल्या भिंतीवर लागत नाही. दादांनी कॉम्प्युटरातही तेच केलं होतं. त्यांच्या हिशेबी तो आदर होता. कॉम्प्युटरच्या हिशेबी माणसं पत्ता न ठेवता निघून गेली होती.

आई हरवली नव्हती, नुसती आतल्या खोलीत नेऊन बसवली होती. मायानं ग्लास उचलला. एक घोट घेतला.

“दादा, तुम्ही त्यांना हलवलंत, म्हणून स्लाइडमध्ये कुणी दिसत नाही. हे बघा.”

भिवादादांनी चष्मा वर केला. रिकाम्या चौकटी बघितल्या. “ह्या फुल्या मी केल्या?”

“तुम्ही नाही. फाईल जुन्या जागी शोधतेय आणि तिला कुणी सापडत नाही. सगळे परत बाहेर आणले की येतील.”

“परत?” दादा बाकावर बसले. “नको गो. एकदा नीट बसवलेत. आता पुन्हा उठवून जिवंतांत नेऊन कोंबायचं? बाबुराव मास्तर, तुझी आय. त्यांचा काय मान?”

लॅपटॉप मायाच्या पुढ्यात होता. दोन बोटांचं काम. दादा घरी गेल्यावर केलं असतं तरी त्यांना उद्याच्या सभेपर्यंत कळलं नसतं. पण ज्या हातांनी तिच्या आईचा ओळखपत्रावरचा पुसट फोटो विहाराच्या भिंतीवर रेषेत लावला, त्या हातांना न विचारता तिला ते करवेना. संध्याकाळ जवळ येत होती, तिकडे मनमोहन वाट बघत होता.

“दादा, विहाराची भिंत वेगळी. ही अभ्यासिकेची बाकं आहेत.”

“मग?”

“या बाकांवर कुणी वेगळं बसलंय कधी? माझी आई एवढी बाई, पोरांत बसली. मास्तर टेबलाशी नाही बसले, बाकावर बसले. तुम्हीच सांगायचात, या खोलीत कुणाची जागा वेगळी नाही.” ती थोडी थांबली. “आपल्या माणसांना वेगळं बसवलेलं आपल्याला कधी चाललंय का, दादा?”

भिवादादांनी रिकाम्या चौकटींकडे पुन्हा बघितलं. मागच्या बाकावर अनुजानं कानातला बोळा काढला होता, हे मायाच्या लक्षात आलं. पंखा कुरकुरत राहिला.

“मानानं बसवले म्हटलं,” दादा म्हणाले, “आणि बाहेरच बसवले की गो मी.” त्यांनी चष्मा पुसला. “हलव. सगळे हलव. हळू हलव, कुणी राहायला नको.”

मायानं आतला फोल्डर उघडला. छोटे छोटे चेहरे ओळीनं उजळत गेले. मास्तर, शांता, धम्मपालचे वडील, वहीवर वाकलेली आई. आणि सगळ्यांच्या शेवटी, मायानं कधी न बघितलेल्या फोटोत, पांढराशुभ्र शर्ट, वरचं बटण लावलेलं, भिवादादा स्वतः.

तिनं स्क्रीनकडे बघितलं, मग शेजारी बघितलं. शेजारचे भिवादादा ग्लासाच्या तळातला चहा फिरवत होते.

“हे कोण?”

“असू दे.”

“दादा, हे काय केलंत?”

“जागा धरून ठेवली.” त्यांनी खांदे उडवले. “पोरं वही ठेवून धरतात ना, तशी. उद्या मी गेलो, तर मला इथनं तिथं हलवायला कोण हाय? तू हॉस्पिटलात, नातू पुण्याला. म्हटलं आपणच आपलं करून ठेवावं.”

मायाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. तिनं पहिल्यांदा त्यांचाच फोटो उचलून बाहेर काढला.

“रागावले नाही म्हणून समजू नका. अभ्यासिका मिळाली तर किल्ली कुणाकडे द्यायची? भिंतीवरच्या माणसाकडे?”

“बरं बाई,” दादा पुटपुटले. “तुझी आय पण अशीच तोडून बोलायची.”

मग बाकीचे. मायानं दोन्ही फायली बंद करून पुन्हा उघडल्या आणि एकेक बाक भरत गेलं. मास्तर रमाकांतच्या शेजारी येऊन बसले. शांता आली. शेवटच्या बाकावर कमलाबाई आली, जीभ दातांत धरून, कुठं गेलीच नव्हती अशी. अनुजा उठून मागं येऊन उभी राहिली होती. तिच्या फोटोची जागा तिथंच होती, कमलाबाईंच्या शेजारी. “ताई, तुमची आई केवढ्या जोरात पेन्सिल धरते,” ती हळूच म्हणाली. “मी पण अशीच धरते.”

मायानं दोन्ही फायलींची एक एक प्रत काढली आणि लिंका तोडायच्या बटणावर बाण नेला.

“तोडायच्या?” दादांनी तिचं मनगट धरलं. “आता जुळल्यात ना?”

“जुळलेली प्रत इथंच राहणार, दादा. उद्या कुणाचा नवा फोटो आला तर त्या प्रतीत बदलायचा. पण जी फाईल बाहेर जाणार, तिच्यात माणसं सोबतच पाहिजेत. नाहीतर पुन्हा नाक्यावर जाऊन हरवतील.”

“म्हंजे तोडलं की ती फाईलबरोबर चालायला लागणार.”

“हो.”

“मग तोड.”

मनमोहननं पहिलं पान मशिनीतून निघाल्याबरोबर उजेडात धरलं. “आता कशी घरची माणसं वाटतात,” तो म्हणाला, आणि गरम कागदांचा गठ्ठा तिच्या हातात देताना वरचा कागद पुन्हा एकदा बघून घेतला.

रविवारी सकाळी विहाराच्या हॉलमध्ये चटया पसरल्या. ट्रान्झिटहून माणसं आली, दूर पांगलेले शेजारी एकमेकांना भेटले, “जयभीम”, “काय गो, बारीक झालीस” असं चाललं. वंदना झाली आणि रमाकांत उभा राहिला. बँकेतला माणूस, बोलणं मोजून. त्यानं नकाशा भिंतीला लावला, मोकळ्या खोलीवर बोट ठेवलं.

“पोरांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. आजकाल अभ्यास मोबाईलवर होतो, पण व्यायाम मोबाईलवर होत नाही. मायाताईंनी मेहनत घेतलीय, ते फोटो आपण बघू. चांगल्या फ्रेममध्ये करून नव्या इमारतीच्या लॉबीत लावू. त्यांचा मान राहील. पण खोली जिवंत माणसांसाठी पाहिजे.”

मागून पोरांनी टाळ्या वाजवल्या. जर आज त्या पडद्यावर एकीकडे गेलेले आणि एकीकडे राहिलेले असे दोन ढीग असते, तर रमाकांतचं म्हणणं तिथंच खरं ठरलं असतं. तिनं काही न बोलता पहिलं बाक दाखवलं.

हॉलमध्ये कुजबुज उठली. “अगं ही शांता ना?” “आणि तो बघ, फौजदार.” बाकं एकामागून एक सरकत गेली, जुना खांदा नव्या खांद्याला लागलेला, काळा-पांढरा चेहरा रंगीत चेहऱ्याला टेकलेला.

“रमाकांतदादा,” मायाचा आवाज तिलाच परका वाटला, “यातले लॉबीत कोणते लावायचे आणि खोलीत कोण बसायचं, तेवढं तुम्ही वेगळं करून सांगा. मला ते जमलं नाही.”

रमाकांतनं पडद्याकडे बघितलं.

“मला लॉबीत लावतोस काय रे मेल्या?” दुर्गामावशी चटईवरूनच ओरडल्या. “मी अजून जेवते-खाते.”

हॉल हसला. मावशी थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. “आणि बँकेची परीक्षा कुठं बसून केलीस तू? दंड-बैठका काढत?”

रमाकांतही हसला, पण स्लाइड फिरून दुसऱ्या बाकावर आल्या होत्या आणि त्याचं लक्ष तिथंच होतं. पडद्यावर तो होता, मिसरूड फुटलेला, आणि त्याच्याकडे किंचित झुकल्यासारखे, जणू त्याच्या वहीत बघत, बाबुराव मास्तर.

“मास्तर माझ्याच बाजूला बसायचे,” तो कुणाला उद्देशून नाही असं बोलला. “गणित कच्चं होतं माझं. चुकलं की काही बोलायचे नाहीत. नुसतं बोट ठेवायचे त्या आकड्यावर.”

“पण मग आम्ही कुठं जायचं?” मागून सम्यक उठला. दंड कमावलेला, जिमवाल्या पोरांचा म्होरक्या. “आमचं म्हणणं चुकीचं आहे का?”

“चुकीचं नाही रे,” माया म्हणाली. “दोन्ही पाहिजे.”

तेवढ्यात अनुजा उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, पण आवाज स्वच्छ. “सम्यकदादा, तू गच्चीवर दंड काढू शकतोस. मी गच्चीवर नाही वाचू शकत. आमच्या ट्रान्झिटच्या खोलीत टीव्ही चालू असतो, बाळ रडत असतं, आजोबा खोकतात. त्यांनी खोकायचं नाही असं मी कसं सांगू? मी जिन्यात बसते. वॉचमन लाइट बंद करतो. म्हणून अजून इथं येते, या पडायला आलेल्या खोलीत. ही पडली की मी कुठं जायचं, ते सांगा.”

सम्यकनं मान खाजवली. “गच्चीचं बघता येईल,” तो म्हणाला, जरा नाराजीनं. “पण गच्चीला शेड पाहिजे. ते पण लिहून द्या.”

“लिहू की,” भिवादादा म्हणाले. “शेड पण लिहू. पावसात भिजलेले तुझे दंड वाळत घालायचे नाहीत आम्हाला.”

अभ्यासिकेसाठी हात वर झाले. सगळे नाही, जिमवाल्यांतल्या काहींनी शेवटपर्यंत हात मांडीखालीच ठेवले. पण सम्यकचा हात वर गेला, अर्धा का होईना, आणि रमाकांतनं मोजणी पुरी होईपर्यंत स्वतःचा हात खाली घेतला नाही. मग तो नकाशाजवळ गेला. खिशातलं पेन काढून त्या मोकळ्या चौकोनात, बँकेतल्या वळणदार अक्षरात, त्यानं लिहिलं, ‘अभ्यासिका’. उद्याच कळवतो म्हणाला.

त्या शब्दाभोवती माणसं अशी गोळा झाली, जणू खोलीचं दारच उघडलंय. दुर्गामावशी नकाशावर नाक टेकवून उभ्या. “खिडकी कुठल्या अंगाला आहे गं हिची?” “पूर्वेला.” “मग बाकं अशी लावा, सकाळचं ऊन डोळ्यांवर यायला नको.” “अशी लावली तर दार उघडायचं कसं?” “दार बाहेर उघडेल.” “पंखा मधोमध नको, कागद उडतात,” अनुजा म्हणाली. “मधोमध नाही तर काय कोपऱ्यात?” सम्यक पुढं घुसला. “दोन लावा, लहान. आणि आवाज करणारे नकोत, आमच्या घरचा पंखा ऐकलाय का कधी, झोप लागत नाही त्याच्यानं.”

“तुला कशाला पंचाईत? तू गच्चीवर असणार.”

“परीक्षेच्या टायमाला खाली येईन ना.”

मायानं लॅपटॉप मिटला. नकाशाभोवतीचा घोळका इतका दाट झाला होता, की तिला चौकोन दिसेना. ती टाचा उंचावून, दादांच्या खांद्यावर हात ठेवून, मधे डोकावली. पंख्यांचं अजून ठरत नव्हतं.